लंडन आय: स्लॉट कोणता घ्यायचा, कुठून चालायचं आणि वर कुठे उभं राहायचं?

मुळामुठा:
ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला जायचं ठरतंय, आणि तिथल्या टेम्स नदीकाठच्या 'लंडन आय' या अवाढव्य चाकात बसायचा बेत आहे. सोबत आई-बाबा आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि सहा वर्षांची लेक. बाबांचे गुडघे दुखतात, सलग अर्धा तास उभं राहणं जमत नाही. आईला उंचीची धास्ती आहे, पण 'एवढं लांब जायचं आणि ते चाक खालूनच बघायचं का' असंही तिचंच म्हणणं. नेटवर 'नक्की पाहावीत अशी दहा ठिकाणं' छापाचं लेखन ढिगाने मिळतं, त्यातून काम होत नाही.

मला हवंय ते असं: दिवसा जावं की संध्याकाळी? रांग कमी करणाऱ्या 'फास्ट ट्रॅक' तिकिटाचे जादा पैसे द्यावेत का? कुठल्या स्टेशनवर उतरलं की पायऱ्या लागत नाहीत? चालत्या चाकात चढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मुळात एवढे पाउंड घालवण्यासारखं ते आहे का?

टेम्सकाठ:
आधी तारखेचं बघा, बाकीचं त्यावर ठरतं. इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात 'हाफ टर्म'ची सुट्टी असते. म्हणजे तुम्ही नेमके गर्दीच्या आठवड्यात येताय. तारीख आठवडाभर आधी सरकवता आली तर तिकीटही थोडं स्वस्त पडेल आणि रांगही कमी लागेल.

दुसरी गोम घड्याळाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमाराला, आणि त्या रविवारपासून पावणेपाचलाच. फोन आपोआप बदलतो, बाबांच्या मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. भारताशी फरकही साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जातो, घरी फोन करताना लक्षात ठेवा.

स्लॉटबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. तिकिटावरची वेळ ही रांगेत शिरण्याची वेळ असते, कॅप्सूलमध्ये, म्हणजे चाकावरच्या काचेच्या बंद डब्यात, पाय ठेवण्याची नव्हे. सुट्टीच्या दिवसांत साध्या तिकिटावर पाऊण तास सहज मोडतो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे 'बरोबर सूर्यास्ताचा स्लॉट' घेतला तर वर पोहोचेपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो.

उजेडही हवा आणि दिवेही हवेत, तर हिशोब उलटा मांडा. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं आणि खालचे दिवे लागलेले असतात. त्या वेळी तुम्ही माथ्यावर हवेत. माथ्यावर पोहोचायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे सूर्यास्तानंतर पाच-दहा मिनिटांत चढायला हवं. रांगेचा वेळ धरला की स्लॉट सूर्यास्ताच्या अर्धा ते पाऊण तास आधीचा पडतो. फास्ट ट्रॅक असेल तर पंधरा मिनिटं आधीचा पुरे.

कावळेदादा:
आणि जून-जुलैत जाणाऱ्यांनी हा सगळा हिशोब विसरून जावा. तेव्हा सूर्य नऊ-सव्वानऊच्या सुमाराला मावळतो आणि चाक बहुधा त्याआधीच बंद होतं. उन्हाळ्यात 'दिव्यांचं लंडन' आयवरून दिसतच नाही. याउलट डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य गुल, तेव्हा दुपारी तीनचा स्लॉट म्हणजे संध्याकाळचा स्लॉट. चाकाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तारीख नक्की झाली की त्या दिवसाची वेळ अधिकृत साइटवर बघा.

जानेवारीत जाणार असाल तर आणखी जपून. वार्षिक देखभालीसाठी चाक साधारण त्याच महिन्यात काही दिवस बंद ठेवतात. २५ डिसेंबरला बंद असतं आणि ३१ डिसेंबरला लवकर आवरतात, कारण नववर्षाच्या आतषबाजीचा बराचसा दारूगोळा चाकावरच बांधलेला असतो.

मुळामुठा:
टेम्सकाठ, हे कामाचं. म्हणजे फास्ट ट्रॅक घ्यावाच लागणार?

टेम्सकाठ:
बाबांच्या गुडघ्यांसाठी हो. तरण्याताठ्या माणसांना मी एरवी सांगणार नाही. साध्या दिवशी, सकाळचा पहिला स्लॉट असेल तर साधं तिकीटही भरभर पुढे सरकतं आणि जादा पैसे वाया जातात. पण रांगेत टेकायला बाक नाहीत, हे ध्यानात ठेवा.

तिकीट ऑनलाइन आणि आगाऊच काढा. ऐनवेळी महाग पडतं. मोठ्या माणसाला आगाऊ साधं तिकीट तीस पाउंडांच्या आसपास सुरू होतं, तारीख आणि वेळेप्रमाणे चढत जातं. लेकीला लहान मुलांचं तिकीट लागेल. अगदी तान्ह्या बाळांना पैसे पडत नाहीत, पण बुकिंग करताना त्यांचाही आकडा टाकावा लागतो, कारण कॅप्सूलमधली डोकी मोजलेली असतात. एका कॅप्सूलला जास्तीत जास्त २५.

मादाम तुसाँ, सी लाइफ, लंडन डंजन ही ठिकाणं आणि आय एकाच कंपनीच्या, मर्लिनच्या, ताब्यात आहेत. दोन-तीन ठिकाणांचं एकत्र तिकीट बरंच स्वस्त पडतं. मात्र ज्याला मेणाचे पुतळे बघायचेच नाहीत त्याने केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये. सहा वर्षांच्या मुलीला डंजन तर नकोच, भीती दाखवणं हाच त्याचा धंदा आहे. सी लाइफ चालेल, ते आयच्या शेजारच्याच काउंटी हॉल इमारतीत आहे.

डबेवाला:
स्टेशनचा प्रश्न राहिला. तीन पर्याय आहेत, आणि गुडघे दुखत असतील तर त्यांत खूप फरक पडतो.

वॉटर्लू: सर्वांत जवळचं, चालत पाच-सात मिनिटं. पण लिफ्टने वर यायचं तर ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, ज्युबिली लाइननेच या. बेकर्लू आणि नॉर्दर्न लाइनच्या फलाटांवरून पायऱ्यांशिवाय सुटका नाही. वर आलात की साउथ बँकच्या, म्हणजे नदीच्या दक्षिण काठाच्या, पाट्या धरा. यॉर्क रोड ओलांडून चिचेली स्ट्रीटने सरळ ज्युबिली गार्डन्समध्ये, समोर चाक. सगळा रस्ता सपाट.

वेस्टमिन्स्टर: ज्युबिली, डिस्ट्रिक्ट आणि सर्कल तिन्ही लाइनना लिफ्ट आहे. बाहेर पडल्यापडल्या डोक्यावर बिग बेन. मग पूल ओलांडायचा. पूल अडीचशे मीटर, पण पलीकडे नदीकाठच्या वाटेवर उतरायला पायऱ्या आहेत. त्या टाळायच्या तर काउंटी हॉलला मागून वळसा घालून बेल्व्हेडियर रोडने यावं लागतं.

एम्बँकमेंट: इथून पादचारी पुलाने येताना चाकाचा देखावा सुंदर दिसतो. पण या स्टेशनच्या ट्यूबला पायऱ्याच आहेत. बाबांसोबत नको.

माझं मत: जाताना वॉटर्लू, ज्युबिली लाइन. येताना अंगात त्राण असेल तर पुलावरून चालत वेस्टमिन्स्टर.

ट्यूबमध्ये कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, पण एका माणसाला एक कार्ड. एकच कार्ड सगळ्यांसाठी पुन्हा पुन्हा लावता येत नाही. शिवाय चढताना कार्ड आणि उतरताना त्याच कार्डाचा फोन लावला तर यंत्र ते दोन वेगळे प्रवासी धरतं, आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं कापतं. ज्याने आत, त्यानेच बाहेर. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूबमध्ये फुकट जातात, लेकीसाठी रुंद फाटकातून जा. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत.

गोदाकाठ:
वेस्टमिन्स्टर ब्रिजबद्दल एक सूचना. पुलावर तीन वाट्या आणि एक चेंडू घेऊन बसलेली टोळकी असतात. भोवती जिंकणारे जे दिसतात ते त्यांचेच लोक. थांबून बघूसुद्धा नका, कारण बघणाऱ्यांच्या खिशाकडे बाकीच्यांचं लक्ष असतं. तसंच रंगीबेरंगी दिवे लावलेल्या सायकलरिक्षा. बसण्याआधी एकूण किती, दर माणशी की सगळ्यांचे, हे ठरवल्याशिवाय पाय टाकू नये. फोन हातात लोंबकळत ठेवून रस्त्याच्या कडेने चालू नका, सायकलवरून येऊन हिसकावतात.

मुळामुठा:
सूचना नोंदवली. आता मुख्य भीती. चाक थांबत नाही म्हणतात. आई-बाबा चढणार कसे?

चक्रधर:
घाबरण्यासारखं काही नाही. चाकाचा वेग सेकंदाला २६ सेंटीमीटर, म्हणजे तासाला जेमतेम एक किलोमीटर. देवळातल्या रांगेत आपण याहून वेगाने सरकतो.

क्रम असा. रांगेच्या सुरुवातीला बॅग तपासतात. पुढे उताराच्या वाटेने फलाटावर नेतात. कॅप्सूल एका टोकाने येते, दार उघडं असतं, आधीचे लोक उतरतात, कर्मचारी आत नजर फिरवून कुणाचं काही राहिलंय का बघतो. मग तुम्हाला आत सोडतात. कॅप्सूलची जमीन आणि फलाट एका पातळीवर असतात, पायरी नाही. कॅप्सूल ज्या दिशेने सरकतेय त्याच दिशेने तिच्याबरोबर दोन पावलं चालायचं आणि आत पाऊल टाकायचं. चूक होते ती दारासमोर थबकण्याची. माणूस थांबतो, दार पुढे जातं, मग धावपळ होते.

ज्यांना हेही अवघड आहे त्यांच्यासाठी चाक मंद करतात किंवा पूर्ण थांबवतात. त्यासाठी फलाटावरच्या कर्मचाऱ्याला आधीच सांगा, दारात पोहोचल्यावर नव्हे. वर असताना अचानक चाक थांबलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा खाली कुणाची व्हीलचेअर चढत असते, एवढंच. एका कॅप्सूलमध्ये दोन आणि सगळ्या चाकावर एका वेळी आठ व्हीलचेअर घेतात, म्हणून ज्यांना न्यायची आहे त्यांनी बुकिंगच्या वेळीच कळवावं.

आत मधोमध लंबगोल लाकडी बाक आहे. बाबांना तिथे बसता येईल. बसूनही समोरचं दिसतं, पण गर्दी असेल तर काचेपाशी उभे असलेले आड येतात. आईंनीही सुरुवातीला तिथेच बसावं. कॅप्सूल झोके घेत नाही, पंख्याच्या वाऱ्याइतकीही हालचाल जाणवत नाही. भीती वाटते ती पायांपर्यंत आलेल्या काचेतून खाली बघितल्यावर. तेव्हा पहिली पाच मिनिटं खाली न बघता लांब बघायचं.

स्वच्छतागृह कॅप्सूलमध्ये नाही. रांग अधिक अर्धा तास, असा सव्वा तासाचा हिशोब धरून लेकीला आधी काउंटी हॉलमध्ये नेऊन आणा.

कावळेदादा:
आईंच्या पर्समधला अडकित्ता हॉटेलवर ठेवायला सांगा. हसू नका. सुरी, कात्री, अडकित्ता, नारळ फोडायचं काहीही, तपासणीत अडतं. विमानतळावरून थेट मोठ्या बॅगा घेऊन येणारेही इथेच अडतात. सूटकेस आत नेऊ देत नाहीत आणि आयपाशी सामान ठेवायची सोय नाही. पैसे भरून सामान ठेवायची सोय मोठ्या रेल्वे स्टेशनांवर शोधावी लागते.

लोलक:
फोटोंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'माथ्यावर गेल्यावर फोटो काढू' हा सर्वांचा बेत असतो आणि तोच फसतो.

आधी चाकाची ठेवण समजून घ्या. चाक नदीला समांतर उभं आहे. कॅप्सूल चाकाच्या पात्याच्या बाहेरच्या कडेला लावलेल्या आहेत, आणि त्यांची लांबी चाकाला आडवी. म्हणजे कॅप्सूलचं एक टोक नदीकडे, व्हाइटहॉलच्या बाजूला, म्हणजे साधारण पश्चिमेला. दुसरं टोक वॉटर्लूकडे. आणि दोन लांब कडा: एक वेस्टमिन्स्टर पुलाकडे, दुसरी हंगरफर्ड या रेल्वेच्या पुलाकडे.

आता कॅप्सूल ३२ आणि चाकाचा व्यास १२० मीटर. दोन कॅप्सूलमधलं अंतर भरतं सुमारे बारा मीटर. अगदी माथ्यावर असताना शेजारची कॅप्सूल तुमच्यापेक्षा जेमतेम सव्वा मीटर खाली असते. म्हणजे लांब कडेतून बघितलं तर बिग बेनच्या आधी शेजारच्या कॅप्सूलमधली काकूच फोटोत येते. माथ्यावर निखळ मोकळं दिसतं ते नदीकडच्या टोकातून. तेव्हा माथ्यावर तिथे उभं राहा.

याउलट तुम्ही अर्ध्या उंचीवर असताना शेजारच्या कॅप्सूल वर आणि खाली असतात, बाजूला नाहीत. तेव्हा बाहेरच्या अंगाची लांब कड पूर्ण मोकळी. वेस्टमिन्स्टरच्या बाजूच्या अर्ध्या उंचीवर पार्लमेंट आणि पूल स्वच्छ मिळतात, हंगरफर्डच्या बाजूच्या अर्ध्या उंचीवर सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट. एक चढताना, एक उतरताना. त्या दोन-तीन मिनिटांत काचेपाशी जागा धरलेली असावी. बाकी सगळे माथ्यावर झुंबड करतात, अर्ध्या उंचीवर जागा सहज मिळते.

वेळेचा हिशोब (चाक एकसारखं फिरतंय असं धरून): पाच मिनिटांनी तुम्ही साधारण ४५ मीटरवर, साडेसात मिनिटांनी ७५ वर, पंधरा मिनिटांनी १३५ वर. शंभर मीटरच्या वर एकूण अकरा मिनिटं मिळतात. बिग बेनच्या घड्याळाच्या तबकड्या जमिनीपासून सुमारे ५५ मीटरवर आहेत, म्हणजे चढल्यावर सहाव्या मिनिटाला तुम्ही त्यांच्या रेषेत येता, आणि परत येताना शेवटच्या सहा मिनिटांपाशी. त्या मनोऱ्याची पूर्ण उंची ९६ मीटर, वरून त्याचं टोक तुमच्या पायाखाली.

उजेड: पार्लमेंटची नदीकडची बाजू पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी तिच्यावर ऊन पडतं. दुपारनंतर सूर्य तिच्या मागे, इमारत काळी पडते आणि नुसती कड उरते. सेंट पॉल आणि शार्ड हा काचेचा उंच मनोरा यांचं उलट, ते दुपारनंतर खुलतात. ज्याला पार्लमेंटचा सोनेरी फोटो हवा त्याने सकाळचा पहिला स्लॉट घ्यावा.

रात्री काचेतली प्रतिबिंबं छळतात. लेन्स काचेला टेकवा, भोवती गडद स्कार्फ धरा. फिकट रंगाचे कपडे घालू नका, तेच काचेत दिसतात. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, वाकवलेल्या काचेवर त्याने इंद्रधनुष्यासारखे पट्टे येतात. चाक फिरतंय म्हणून फोटो हलत नाही, वेग नगण्य आहे. हलतो तो पंचवीस माणसं आत चालतात म्हणून. फोन दोन्ही हातांनी काचेला दाबून धरला की प्रश्न मिटतो.

पानापकड:
लोलकने ठेवण सांगितली, तर थोडं यंत्राचंही.

जत्रेतल्या पाळण्यात बैठका दोन कड्यांच्या मध्ये लोंबकळतात आणि वजनामुळे सरळ राहतात. इथे कॅप्सूल कड्याच्या बाहेर आहेत, लटकत नाहीत. प्रत्येक कॅप्सूल दोन गोल कड्यांमध्ये बसवलेली आहे आणि विजेच्या मोटरी तिला सतत थोडं थोडं फिरवून जमीन आडवी ठेवतात. म्हणूनच झोका नाही, आणि म्हणूनच डोक्यावर दांडा येत नाही. एका कॅप्सूलचं वजन सुमारे दहा टन.

दुसरी खुबी म्हणजे चाकाला आधार एकाच बाजूने आहे. जमिनीवर इंग्रजी 'ए' अक्षरासारखा तिरका सांगाडा, तो नदीवर झुकलेला, मागून जाड तारांनी ओढून धरलेला. पलीकडच्या बाजूला काहीच नाही. कडं आणि आस यांच्यामध्ये सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा आहेत. फलाटावर असताना कड्याच्या तळाशी बघा: रबरी टायर कड्याला दाबून फिरतात आणि घर्षणाने चाक ढकलतात. आसाला मोटर नाही. बहुतेक लोक कॅप्सूलकडे बघत असतात, ही गंमत नजरेतून सुटते.

डेव्हिड मार्क्स आणि जूलिया बारफील्ड या वास्तुकार दांपत्याची ही कल्पना. १९९३ साली सहस्रकाच्या खुणेसाठी स्पर्धा झाली, तीत कुणालाच बक्षीस मिळालं नाही. या दोघांनी मग स्वतःच खटपट करून ब्रिटिश एअरवेजचं पाठबळ मिळवलं. कामही सगळ्या युरोपात वाटलेलं: कॅप्सूल फ्रान्समध्ये पोमा या केबल-कार बनवणाऱ्या कंपनीने केल्या, कडं नेदरलँड्समध्ये झालं, आसाचं ओतकाम चेक प्रजासत्ताकात. कड्याचे तुकडे तराफ्यांवरून टेम्समधून आणले, नदीवर आडवे जोडले आणि मग चाक उभं केलं. सप्टेंबर १९९९ मध्ये पहिला प्रयत्न तारेच्या अडचणीने फसला. ऑक्टोबरात तासाला दोन अंश या गतीने ६५ अंशांपर्यंत उचललं, तिथे आठवडाभर थांबवलं, मग सरळ केलं. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी ३१ डिसेंबर १९९९ ला उद्घाटन केलं, पण प्रवासी चढले ९ मार्च २००० ला. मधले दोन महिने एका कॅप्सूलच्या क्लचच्या दुरुस्तीत गेले. परवानगी आधी पाच वर्षांपुरतीच होती.

कॅप्सूल ३२ म्हणजे लंडनच्या ३२ बरोंची, म्हणजे प्रशासकीय विभागांची, खूण. मात्र शेवटचा क्रमांक ३३ आहे. १३ नंबर गाळलाय. लेकीला शोधायला लावा, रांगेतला वेळ जाईल.

मुळामुठा:
हे मस्त. वरून काय काय ओळखायचं, याची कुणी यादी देईल का? बाबा विचारत बसतील.

टेम्सकाठ:
पार्लमेंटकडे तोंड करून उभे राहा आणि उजवीकडे वळत जा.

वेस्टमिन्स्टर ब्रिज, पलीकडे पार्लमेंट, त्यामागे वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चचे दोन मनोरे. तुमच्याच काठावर पुलापलीकडे सेंट थॉमस हॉस्पिटल. नदी वरच्या अंगाला वळते तिकडे लांब चार पांढरी धुरांडी, ते बॅटरसीचं जुनं वीजकेंद्र. उजवीकडे वळलात की व्हाइटहॉलच्या सरकारी इमारती, मागे हॉर्स गार्ड्सचं मोकळं मैदान, सेंट जेम्स पार्कची झाडी आणि झाडीच्या टोकाला बकिंगहॅम पॅलेस. राजवाडा ओळखायचा तर आधी पार्क शोधा, नाहीतर चुकतो. आणखी उजवीकडे नेल्सनचा खांब. तो ५२ मीटरचा असूनही वरून किरकोळ दिसतो. त्यामागे गोल बीटी टॉवर, आणि हवा स्वच्छ असली तर क्षितिजावर वेम्ब्ली स्टेडियमची कमान. मग खाली चेरिंग क्रॉस आणि रेल्वेचा पूल, पुढे वॉटर्लू ब्रिज, सेंट पॉलचा घुमट, 'सिटी' या व्यापारी भागातल्या उंच इमारतींचा घोळका. मागे वळलात की शार्ड, त्याच्या पार पलीकडे कॅनरी वॉर्फ, आणि पायाशी वॉटर्लू स्टेशनचं भलंमोठं छप्पर.

'४० किलोमीटरपर्यंत, अगदी विंडसर किल्ल्यापर्यंत दिसतं' हे गणिताने बरोबर आहे, १३५ मीटरवरून क्षितिज तेवढंच येतं. ऑक्टोबरच्या दमट हवेत त्याची आशा धरू नका. पाऊस पडून गेल्यावरची पहिली उघडीप हीच सर्वांत लांबचं दाखवते.

गोदाकाठ:
आता शेवटचा प्रश्न, पैशांचा. मी थोडी उलट बाजू मांडते. नुसती उंची हवी असेल तर फेनचर्च स्ट्रीटवरच्या इमारतीतलं स्काय गार्डन फुकट आहे, आणि सुमारे १५५ मीटर म्हणजे आयपेक्षा उंच. वेळ आगाऊ ऑनलाइन घ्यावी लागते, साधारण तीन आठवडे आधी उघडतात आणि पटापट संपतात. ओळखपत्र जवळ ठेवा. तिथे बाबांना लिफ्ट आहे, चहा मिळतो. चार माणसांचे आयचे पैसे वाचले तर एक बरं जेवण होईल.

कावळेदादा:
गोदाकाठ, फुकट आहे हे खरं. पण स्काय गार्डन सिटीत आहे, तिथून पार्लमेंट लांब राहतं. आय नेमकं राजवाडा, पार्लमेंट आणि नदीचं वळण यांच्या कुशीत उभं आहे. उंचीचंच म्हणाल तर दुबईचं चाक २५० मीटर आहे, लास व्हेगासचं १६७, सिंगापूरचं १६५. लंडनचं आता त्यांच्यापुढे बुटकं. पण त्यांतल्या कुठल्याही चाकाच्या पायाशी एवढ्या ओळखीच्या इमारती नाहीत. पैसे उंचीचे नाहीत, जागेचे आहेत.

गोदाकाठ:
मान्य, मग अट एकच: ढगाळ दिवस नको. आदल्या संध्याकाळी हवामान बघून तिकीट काढलं तर थोडं महाग पडतं, पण धुक्यात अर्धा तास पांढरी भिंत बघण्यापेक्षा परवडतं. धुकं आहे म्हणून साध्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. वीजवाऱ्यामुळे चाकच बंद ठेवलं तर गोष्ट वेगळी. तारीख बदलता येणारं महागडं तिकीटही असतं, घेताना अटी नीट वाचा.

डबेवाला:
ज्यांना एक पैसाही घालवायचा नाही त्यांच्यासाठी प्रिमरोझ हिल. टेकडी छोटी, जेमतेम ६३ मीटर, पण वरून अख्खं लंडन समोर, चाकासकट. ट्यूब चॉक फार्म, नॉर्दर्न लाइन. आणि तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर चुकवू नये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेऊन स्मारक केलं. टेकडी तिथून चालण्याच्या अंतरावर. घर उघडं असण्याचे वार आणि वेळा आधी बघून जा, आणि शेजारी लोकवस्ती आहे, घोळक्याने दारात गलका नको.

मुळामुठा:
हे बाबांना सांगितलं तर ते आधी तिकडेच जायचं म्हणतील. ठरलं असं: घड्याळं बदलायच्या आधीचा शुक्रवार, फास्ट ट्रॅक, साडेपाचचा स्लॉट, वॉटर्लू. तिकीट आदल्या दिवशी हवा बघून. प्रिमरोझ हिल दुसऱ्या दिवशी सकाळी. काही चुकतंय का?

टेम्सकाठ:
शुक्रवारी साडेपाचला ऑफिसं सुटतात, ज्युबिली लाइन तुडुंब असते. बाबांना घेऊन चार-सव्वाचारपर्यंत वॉटर्लूला उतरा आणि ज्युबिली गार्डन्समध्ये बाकावर बसा, शेजारी मुलांना खेळायची जागा आहे. बाकी ठीक. त्या दिवशी चाक किती वाजता बंद होतंय तेवढं बघून घ्या, शेवटचा फेरा त्याआधीच सुटतो. आणि आदल्या दिवसापर्यंत थांबलात तर हाफ टर्ममध्ये फास्ट ट्रॅकचा नेमका स्लॉट संपलेला असू शकतो. दोन दिवस आधी अंदाज बघून काढून टाका.

नवखी_मिनू:
धागा वाचला. आमच्याकडे दहा महिन्यांचं बाळ आणि बाबागाडी आहे. गाडी वर नेता येते का?

चक्रधर:
घडी होणारी असेल तर हो. चढण्याआधी बाळाला कडेवर घेऊन घडी घालायची, म्हणून एका हाताने मिटणारी हलकी गाडी आणा. दोघं असाल तर एकाने बाळ, दुसऱ्याने गाडी. खालच्या जाळीत सामान कोंबलेलं असेल तर घडी होत नाही, ते रांगेतच काढून पिशवीत घ्या.